राजगडाची बंद पडलेली सफर: वेबसाइटवर ३६० अंशी फोटो दाखवायला आम्ही पॅनेलम का घेतलं

आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर राजगडाची ३६० अंशी सफर २०१२ पासून होती. १२ जानेवारी २०२१ ला ती दिसेनाशी झाली. बिघडवलं कोणीच नव्हतं. सफर फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरला वेगळी जोड लागणाऱ्या अडोबीच्या जुन्या तंत्रात, बनवलेली होती, २०२० संपताच फ्लॅशला मूठमाती मिळणार हे अडोबीने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, आणि त्या दिवसापासून फ्लॅश प्लेअरनेच आतलं काही चालवायला नकार दिला. पद्मावती माचीच्या जागी करडा चौकोन उरला. वेबसाइटवर फारसं कोणी फिरकत नसल्याने बोंबही झाली नाही.

बोंब झाली ती जुलै २०२५ नंतर. ११ जुलैला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगडही आला. शाळांचे फोन सुरू झाले: तुमच्याकडे गड फिरवून दाखवणारं काहीतरी होतं ना? मंडळ म्हणजे वर्गणीवर चालणारं नेहमीचंच मंडळ. वर्डप्रेसची साइट, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, पूर्णवेळ माणूस एकही नाही. संगणकातलं थोडं कळतं म्हणून सफर पुन्हा उभी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोणतं व्ह्यूअर, म्हणजे ३६० अंशी फोटो पानावर फिरवून दाखवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं, कोणतं नाही, आणि शेवटी पॅनेलम हे मोफत व्ह्यूअर कशासाठी घेतलं, याची ही हकिगत. असंच काम करणारी मंडळं, छोटी संग्रहालयं, देवस्थानं आणि होमस्टेवाले यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

हातात काय शिल्लक होतं

जुनी सफर ज्या स्टुडिओने बनवली तो केव्हाच बंद झाला. आमच्याकडे फ्लॅशची एकच फाइल होती आणि फोटो तिच्या पोटात. मूळ फोटो मंडळाने कधी मागितलेच नव्हते. २०१२ चे फोटो काढणारे काका अजून मंडळात आहेत. त्यांच्या घरच्या हार्ड डिस्कवर पाच पॅनोरमा (अनेक फोटो जोडून केलेली सलग चित्रं) तयार स्थितीत सापडले, प्रत्येक ८१९२ बाय ४०९६ पिक्सेलचा. आणखी दोन दृश्यं फ्लॅश फाइलमधूनच उपसावी लागली. त्यासाठी जेपेक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते फ्लॅश फाइल उघडून आतली चित्रं वेगळी काढून देतं. पण ती निघाली घनाच्या सहा बाजू (चार दिशा, वर आणि खाली) अशी, आणि एकेक बाजू जेमतेम १००० पिक्सेलची. सुवेळा माचीच्या नेढ्यातून (कड्यातल्या आरपार भोकातून) टिपलेलं दृश्य त्यातलंच. मोबाइलवर चालून जातं, मोठ्या पडद्यावर धुरकट दिसतं.

बाकीची नऊ दृश्यं दोन भिंगांच्या छोट्या ३६० कॅमेऱ्याने नव्याने घेतली, ६०८० बाय ३०४० ची. घेणारी पोरं उत्साही. त्यांनी फोटो लगेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले आणि "सर, झालं काम" असं कळवूनही टाकलं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यासोबत फोटोत दडलेली माहितीही पुसली जाते. हा चित्रपट्टा गोलाकार आहे, पूर्ण ३६० अंशांचा आहे, हे सांगणारी एक्सएमपी नावाची नोंद फोटोच्या आत असते. ती गेली की काही व्ह्यूअर त्याला साधा लांबोडा फोटो समजतात. मूळ फायली मग पेन ड्राइव्हवर मागवल्या. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, तसे फोटो जसेच्या तसे पोचतात.

असाच दुसरा खड्डा वर्डप्रेसमध्ये आहे. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून मीडिया लायब्ररीत टाकलेला कोणताही मोठा फोटो वर्डप्रेस २५६० पिक्सेलवर आणून ठेवतं आणि पानावर तीच लहान प्रत लावतं. मूळ फाइल सर्व्हरवर असते, पण तिचा पत्ता वेगळा. ८१९२ चा पॅनोरमा चढवायचा आणि पडद्यावर चिखल बघायचा, मग सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या, असं बऱ्याच जणांचं होतं. पॅनोरमा मीडिया लायब्ररीत टाकूच नयेत. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून वेगळं फोल्डर करून तिथे ठेवावेत.

फोन किती पेलतो

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या नंबरचा. बघणाऱ्याच्या हातातलं यंत्र किती पेलणार, हा पहिला. आमचे बघणारे म्हणजे शाळेतली मुलं, त्यांचे आईवडील आणि गडावर जायच्या आदल्या रात्री वाट शोधणारे. सगळे फोनवरून, बरेचसे दोनतीन जीबी रॅमच्या अँड्रॉइडवरून.

गोलाकार दृश्य सपाट फोटोत मांडलं की त्याची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट होते. जगाच्या नकाशात ग्रीनलँड ताणून आफ्रिकेएवढं दिसतं, तसं इथे वरचं आकाश आणि खालची जमीन ताणली जाते. व्ह्यूअर हा ताण काढून फोटो गोलाच्या आतून दाखवतो. त्यासाठी आख्खा फोटो ग्राफिक्स चिपच्या स्मृतीत उघडून ठेवावा लागतो. जेपीजी फाइल डिस्कवर आठदहा एमबीची असली तरी उघडल्यावर दर पिक्सेलला चार बाइट लागतात. ८१९२ गुणिले ४०९६ गुणिले ४ म्हणजे १२८ एमबी. तेवढी जागा एका दृश्याला! शिवाय चिप एका वेळी किती रुंद चित्र स्वीकारते यालाही मर्यादा असते. जुन्या फोनांत ती ४०९६ पिक्सेल असते.

मग सगळेच फोटो ४०९६ रुंदीचे करून मोकळं का होऊ नये? स्मृती एकदम ३२ एमबीवर येते. हिशोब असा: ४०९६ पिक्सेल ३६० अंशांत वाटले की दर अंशाला साधारण ११ पिक्सेल येतात. पडद्यावर एका वेळी १०० अंशांचं दृश्य दाखवलं तर सव्वाअकराशे पिक्सेल हाती लागतात. फोनला तेवढे पुरतात. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर, म्हणजे शाळेच्या संगणकावर, चित्र मऊ पडतं. आणि बघणाऱ्याने झूम केलं की संपलंच. राजगडावर तर झूम करण्यासारखंच सगळं. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, तिचे चिलखती बुरूज, दोन भिंतींमधली अरुंद खोल वाट हे जवळ जाऊन बघता येणार नसेल, तर साध्या फोटोत आणि ३६० मध्ये फरक तो काय राहिला?

यावरचा उपाय म्हणजे टाइल. पॅनोरमाचे घनाच्या सहा बाजूंत तुकडे करायचे, प्रत्येक बाजूचे ५१२ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, हेच तीनचार पातळ्यांवर लहानमोठ्या आकारांत करायचं. बघणारा जिकडे वळेल तिकडचेच चौकोन उतरतात, झूम केलं तर त्याच भागाचे बारीक चौकोन येतात. ऑनलाइन नकाशे चालतात तसंच. सुरुवातीचं धूसर चित्र उमटायला सहा छोटे चौकोन पुरतात, त्यामुळे रेंजची मारामार असलेल्या गावातही दृश्य चटकन उघडतं. टाइल नीट हाताळत नाही ते सॉफ्टवेअर बाद, ही आमची पहिली चाळण ठरली.

कोण कोण उभे होते

पहिला विचार अर्थातच फुकट आणि बिनकष्टाचा होता: गूगल मॅप्सवर टाकून द्यायचं आणि तिथून साइटवर चिकटवायचं. गडाच्या ठिकाणी फोटो दिसतात, शोधणाऱ्याला सापडतात. पण त्यावर आपल्या मराठी पाट्या लावता येत नाहीत, कुठून कुठे न्यायचं हे आपल्या हातात राहत नाही. शिवाय गूगलचंच टूर क्रिएटर नावाचं खास याच कामाचं साधन होतं, शाळांसाठी गाजलेलं. ३० जून २०२१ ला ते बंद झालं. स्ट्रीट व्ह्यूचं वेगळं ॲपही मार्च २०२३ मध्ये गेलं. फ्लॅशमध्ये एकदा हात पोळल्यावर पुन्हा दुसऱ्याच्या अंगणात मांडव घालायची माझी तयारी नव्हती. काही फोटो तिथे जरूर टाकलेत, पण अधिकचे म्हणून.

दरमहा वर्गणी घेऊन होस्टिंगसकट सगळं देणाऱ्या सेवा, म्हणजे कूला वगैरे, वापरायला सगळ्यात सोप्या. फोटो ओढून टाका, बाण लावा, लिंक घ्या. एका घराची विक्री होईपर्यंत त्याची सफर दाखवायची असेल तर मीही हेच सुचवेन. मंडळाच्या बैठकीत मात्र खजिनदार काकांनी एकच प्रश्न विचारला: "वर्गणी भरायची राहिली तर गड दिसणार का?" नाही दिसणार. वर पैसे डॉलरमध्ये, कार्ड कोणाच्या तरी वैयक्तिक नावावर, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांना आधी नोंदवलेली संमती लागते. परदेशी सेवांच्या बाबतीत ही साखळी कुठेतरी तुटतेच. विषय तिथेच मिटला.

केआरपॅनो हे या धंद्यातलं जुनं, ऑस्ट्रियातलं सॉफ्टवेअर. एकदाच पैसे भरून परवाना घ्यायचा. त्याच्याबद्दल मला आदर आहे, आणि कारणही फ्लॅशचंच आहे. ते स्वतः फ्लॅशच्या काळातलं, पण दृश्यांची मांडणी त्याने एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवली होती. प्लगइनशिवाय चालणारं एचटीएमएल ५ आल्यावर ज्यांची सफर केआरपॅनोत होती त्यांना व्ह्यूअर बदलून पुढे जाता आलं. आमच्यासारखे एकाच बंद फाइलीत अडकलेले तिथेच राहिले. व्यावसायिक फोटोग्राफरने हेच घ्यावं, असं मी आजही सांगेन. अगडबंब फोटो, व्हीआर हेडसेट, गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार वाट्टेल ती सजावट, सगळं त्यात होतं. आमच्यासाठी अडचण पैशांची कमी आणि शिकण्याची जास्त होती. त्याची स्वतःची आज्ञावली शिकलेला माणूस मंडळात मी एकटाच असणार, आणि मी नसलो की पुन्हा करडा चौकोन. पॅनो टू व्हीआर बघितलं, तेही विकतचंच. बटणं दाबत काम होतं पण आमचा प्रश्न तोच राहिला.

राहिले तीन मोफत आणि मुक्त परवान्याचे: मार्झिपानो, फोटो स्फिअर व्ह्यूअर आणि पॅनेलम.

मार्झिपानो गूगलमधल्या अभियंत्यांनी लिहिलंय, पण ते गूगलचं अधिकृत उत्पादन नाही. त्याचं ऑनलाइन साधन फार सुरेख आहे. फोटो ओढून टाकले की ब्राउझरच्या आतच टाइल पाडून मिळतात, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, शेवटी तयार सफरीची झिप हाती पडते. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या शिक्षिकेलाही जमेल इतकं सोपं. अडलं ते पुढे. आम्ही वापरलं तेव्हा ती झिप पुन्हा त्या साधनात उघडून एखादं दृश्य वाढवायची सोय मला सापडली नाही. बदल करायचा तर आतली डेटा फाइल हाताने उघडायची, आणि तिथे दिशा रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या गणिती एककात. होकायंत्र घेऊन गडावर जाणाऱ्या पोराला २९८ अंश कळतात, ५.२ रेडियन सांगितलं तर तो माझ्याकडेच संशयाने बघतो.

फोटो स्फिअर व्ह्यूअर दिसायला तिघांत देखणं. नकाशा, गॅलरी, होकायंत्र अशी जोडकामं तयार मिळतात, दिशा अंशांत लिहिता येतात, आणि प्रत्येक दृश्याचे जीपीएस आकडे दिले की एकातून दुसऱ्यात जायचे बाण आपोआप उभे राहतात. सपाट आवाराला, वाड्याला, कॉलेजला हे झकास. गडाला नाही. बालेकिल्ल्यावरून पद्मावती माचीकडे जाणारा बाण जमिनीवर आडवा दिसतो आणि माची असते पार खाली. बघणाऱ्याला वाटतं समोरच्या कड्यावरून उडी मारायची आहे. बाण हाताने लावता येतातच, पण मग आपोआपचा फायदा गेला. शिवाय ते थ्री जेएस नावाच्या दुसऱ्या मोठ्या कोडसंग्रहावर उभं असल्याने बोजा मोठा, आणि पाचव्या आवृत्तीत त्याची पॅकेजं नव्या नावांनी विभागली गेली. डेव्हलपर हाताशी असेल तर हे काहीच नाही. आमच्याकडे दर दोन वर्षांनी आवृत्ती चढवणारं कोणी नाही.

पॅनेलम तिघांत सगळ्यात साधं. एमआयटी परवाना (कोणीही मोफत वापरावं, बदलावं असा), दाबून पाठवल्यावर वीसएक केबीचा कोड, दुसऱ्या कशावर अवलंबून नाही. त्याच्यावरचा खरा आक्षेप म्हणजे नव्या आवृत्त्या येण्याचा वेग: २.५.६ ही आवृत्ती २०१९ ची, आणि तिच्यानंतर बराच काळ सामसूम. बैठकीत एका मुलीने हाच मुद्दा काढला, आणि तो रास्त होता. माझं उत्तर असं की ते थेट वेबजीएलवर, म्हणजे ब्राउझरच्या ग्राफिक्स दाखवायच्या सोयीवर, चालतं, वेबजीएल प्रत्येक ब्राउझरमध्ये अंगभूत आहे, फ्लॅशसारखा वेगळा प्लगइन लागत नाही. उद्या ते सोडावं लागलंच तर मूळ जेपीजी आमच्याकडे, दृश्यांची यादी जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत अंशांसकट लिहिलेली. ती वाचून दुसऱ्या व्ह्यूअरच्या भाषेत उतरवणं हे एका संध्याकाळचं काम. व्ह्यूअर बदलेलच, दहा वर्षांत नक्की बदलेल. ॲपलचं क्विकटाइम व्हीआर गेलं, जावा ॲपलेटवरचे व्ह्यूअर गेले, फ्लॅश गेलं. बाहेर पडताना सामान बरोबर नेता येतं का, एवढंच मी बघत होतो.

दिशेचा प्रश्न, ज्याने निर्णय पक्का झाला

बालेकिल्ल्यावर उभं राहिलं की पहिला प्रश्न असतो, तो कुठला गड? तोरणा, सिंहगड, पुरंदर, हवा स्वच्छ असेल तर लिंगाणा आणि रायगड. हे दाखवता आलं नाही तर सफर अपुरी. पॅनेलममध्ये प्रत्येक दृश्याला एक उत्तर कोन देता येतो: फोटोचा मध्य उत्तरेपासून किती अंशांवर आहे तो आकडा. छोट्या कॅमेऱ्याच्या होकायंत्रावर विसंबण्यात अर्थ नाही. ओळखीची एक खूण पकडायची आणि उलटा हिशोब करायचा.

बालेकिल्ल्याच्या दृश्यात आम्ही तोरणा पकडला. राजगडावरून तो वायव्येला, नकाशावर मोजल्यास साधारण २९८ अंशांवर येतो. पॅनेलममध्ये हॉटस्पॉट डीबग नावाची सोय चालू केली की फोटोवर जिथे क्लिक कराल तिथला कोन ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (तांत्रिक नोंदींच्या खिडकीत) उमटतो. तोरण्याच्या माथ्यावर क्लिक केल्यावर आडवा कोन आला ११२. म्हणजे फोटोचा मध्य २९८ उणे ११२, बरोबर १८६ अंशांवर, जवळजवळ दक्षिणेला. आता उरलेले गड शोधावे लागत नाहीत. सिंहगड ३० अंशांवर, म्हणून फोटोत ३० उणे १८६, उणे १५६ वर. पुरंदर ८३ वर, म्हणून उणे १०३ वर. तिथे पाहिलं तर धुक्यातून डोकं काढलेला पुरंदर खरोखरच तिथे होता. फोटो काढणारे काका खुर्ची ओढून शेजारीच बसले होते, म्हणाले, "अरे, हा मी इतकी वर्षं वज्रगड समजत होतो!" पुरंदर आणि वज्रगड जुळे, एकमेकांना चिकटून, तिथे कोणाचाही गोंधळ व्हावा.

उत्तर एकदा बसली की दुसरी गोष्ट फुकट मिळते. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना तीच दिशा कायम ठेवायला पॅनेलमला सांगता येतं. पाली दरवाज्यात उभं राहून तुम्ही गडाकडे बघत असाल, तर पुढच्या टप्प्यावरही नजर गडाकडेच राहते. हे नसेल तर प्रत्येक उडीनंतर बघणारा भलतीकडे तोंड करून उभा असतो आणि तिसऱ्या दृश्यात वाट चुकतो. जुन्या सफरीत नेमकं तेच व्हायचं आणि आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दोष वाटतच नव्हता. शाळेतल्या मुलांना नवी आवृत्ती दिल्यावर ती न विचारता गुंजवणे दरवाज्याकडून वर चढून सदरेपर्यंत पोचली.

फोनांनी काढलेले दोनतीन अर्धवट पॅनोरमाही आम्हाला वापरायचे होते. चोर दरवाज्याच्या वाटेवर तिपाई उभी करायला जागाच नाही. फोटो आडवा किती अंशांचा, उभा किती अंशांचा, हे लिहिलं की पॅनेलम तेवढाच तुकडा दाखवतं आणि बाहेरच्या काळोखात नजर जाऊ देत नाही. हे अर्धे तुकडे मुख्य दृश्यांत धरलेले नाहीत, पाटीवर क्लिक केल्यावर उघडतात.

बसवताना

टाइल पाडायला पॅनेलमसोबत एक पायथन स्क्रिप्ट मिळते. तिला ह्यूगिन या मोफत सॉफ्टवेअरमधला एक भाग लागतो, तो आधी बसवून घ्यावा. ८१९२ च्या एका पॅनोरमाच्या चार पातळ्यांवर मिळून ३०० टाइल होतात, ६०८० च्या एकाच्या १२६. आमच्या चौदा दृश्यांच्या २६३४ फायली झाल्या. फ्लॅशमधून उपसलेली दोन दृश्यं सहा सहा बाजूंच्या फोटोंचीच ठेवली. त्यांना टाइल पाडण्यात हशील नव्हतं.

इतक्या बारक्या फायली एफटीपीने, म्हणजे एकेक फाइल सर्व्हरवर पाठवत, चढवायला बसलात तर चहा थंड होतो, दुसरा होतो, तोही थंड होतो. सगळ्यांची एक झिप करावी, ती चढवावी आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्येच उलगडावी. शेअर्ड होस्टिंगवर एकूण फायलींच्या संख्येलाही मर्यादा असते, जागा शिल्लक असली तरी. ती आधी बघून ठेवा. आमची सफर त्यात बसली, पण सगळे बारा किल्ले असे करायचे म्हटलं तर नाही बसणार.

पॅनेलमची सगळी वाक्यं इंग्रजीत असतात, पण ती बदलायची जागा जेसनमध्येच आहे. "दृश्य बघण्यासाठी इथे दाबा", "येतंय, जरा थांबा" अशी मराठी वाक्यं आम्ही टाकली. फाइल यूटीएफ ८ मध्ये जतन करायची, नाहीतर पाट्यांवर प्रश्नचिन्हं उमटतात. पाट्यांच्या मजकुरावरून मात्र तंत्रज्ञानापेक्षा जास्त वाद झाले. एक गट प्रत्येक बुरजावर परिच्छेदभर इतिहास लिहायला निघाला होता. फोनवर ती पाटी आख्खा बुरूज झाकते. शेवटी पाटीवर एक ओळ आणि सविस्तर मजकूर सफरीच्या खाली साध्या पानावर, असं ठरलं. त्याचा आणखी एक फायदा असा की फोटोतलं शोधयंत्राला वाचता येत नाही, पानावरचं येतं. आणि ज्यांच्या फोनवर सफर उघडत नाही त्यांनाही काहीतरी मिळतं.

दृश्य आपोआप सुरू होत नाही, दाबल्यावरच होतं, हे मुद्दाम ठेवलंय. पान नुसतं चाळणाऱ्याचा डेटा कशाला जाळायचा? तसंच, सगळी दृश्यं एकाच व्ह्यूअरमध्ये आहेत. एका सदस्याची सूचना होती की पानावर खाली खाली प्रत्येक दृश्याची वेगळी चौकट द्यावी. क्रोम एका वेळी संगणकावर सोळा आणि अँड्रॉइडवर आठच वेबजीएल चौकटी जिवंत ठेवतं. त्यापुढची उघडली की आधीची एखादी काळी पडते. फोन फिरवून बघायची सोय आयफोनवर बटण दाबून परवानगी दिल्याशिवाय सुरू होत नाही, २०१९ च्या आयओएस १३ पासून तसा नियम आहे, आणि साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) असावी लागते. अँड्रॉइडवाल्यांना हे कळत नाही, आयफोनवाले "चालत नाही" म्हणून कळवतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पेन ड्राइव्हने. काही शाळांत इंटरनेट नाही म्हणून आख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर दिलं. गुरुजींनी फाइलवर डबल क्लिक केलं आणि फोटो मिळत नसल्याची चूक आली. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचू द्यायची नाही, हा ब्राउझरचाच सुरक्षेचा नियम आहे, कोणताही व्ह्यूअर घेतला तरी आडवा येतो. संगणकावर छोटा सर्व्हर चालवावा लागतो. पायथन असेल तर एका ओळीत होतं, पण शाळेच्या संगणकावर पायथन कुठून असणार? आता मंडळाचा जुना लॅपटॉप सगळं बसवून तयार ठेवलाय आणि कार्यक्रमाला तोच जातो.

सध्याची स्थिती

सोळाही दृश्यं चालू आहेत. मूळ जेपीजी, जेसन फाइल आणि फोटो काढणाऱ्यांची लेखी परवानगी यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी आहेत, त्यांतली एक खजिनदार काकांकडे. त्यांना त्यातलं काही उघडता येत नाही पण हरवणारही नाहीत. पर्यटकांचे चेहरे हाताने धूसर केले, ते काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळायला कोणतंच मोफत व्ह्यूअर मदत करत नाही. पुढच्या वेळी सकाळी लवकर, गर्दीच्या आधी फोटो घ्यायचे असं ठरलंय.

नेढ्यातलं दृश्य पावसाळा ओसरल्यावर नव्याने घ्यायचंय. तोपर्यंत तिथलं झूम मी ठरावीक मर्यादेपलीकडे बंद केलंय. संजीवनी माचीच्या टोकाच्या दृश्यात मात्र उत्तर कोन अजून दोनेक अंशांनी हललेला वाटतो, तोरण्याची पाटी माथ्याच्या जरा डावीकडे पडते. पोरं पुन्हा वर जातील तेव्हा होकायंत्राने मोजून आणणार आहेत.